पुस्तकांचे कपाट निवडताना आधी फळी पाहावी

माझ्या घरात पुस्तकांची चार कपाटे आहेत. एक शंभराहून अधिक वर्षांचे, काचेच्या दारांचे आहे. दुसरे विसाव्या शतकाच्या मध्यावरचे, भिंतीवर टांगायच्या फळ्यांचे आहे. तिसरे अलीकडचे, सुटे भाग आणून घरीच जोडलेले आहे. चौथे मी पुस्तकांचे कपाट म्हणून विकत घेतले, पण ते मुळात पुस्तकांसाठी घडवलेलेच नव्हते. या चौथ्या कपाटाने मला उरलेल्या तिघांपेक्षा अधिक शिकवले, म्हणून त्याची हकीकत पुढे सविस्तर सांगणार आहे. अँटिक घ्यावे, व्हिंटेज घ्यावे की नवे घ्यावे, असे ओळखीचे लोक मला अनेकदा विचारतात. माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. ज्याने हे कपाट घडवले त्याने पुस्तकांचे वजन, त्यांची उंची आणि त्यांना लागणारी हवा यांचा विचार केला होता का, हा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कपाटाच्या माथ्यावरच्या कोरीव कंगोऱ्यांत नव्हे, तर फळीत सापडते.

कपाट पाहायला जाण्यापूर्वी मी घरातली पुस्तके मोजते. पुस्तके उभी रचून त्यांची एकूण लांबी मीटरमध्ये काढावी आणि मग उंचीनुसार त्यांचे ढोबळ गट पाडावेत. खिशात मावणारी कागदी बांधणीची पुस्तके साधारण १८ सेंटिमीटर उंच असतात, नेहमीच्या कादंबऱ्या आणि निबंधसंग्रह २१ ते २४ सेंटिमीटर, आणि चित्रांची, नकाशांची व काही कोशांची पुस्तके ३० सेंटिमीटरच्या पुढे जातात. बहुतेक पुस्तकांना समोरून मागे २५ सेंटिमीटर जागा पुरते. त्याहून खोल कपाटात पुस्तकांच्या दोन रांगा लागतात, आणि मागच्या रांगेतले पुस्तक आपल्याकडे आहे हेच हळूहळू विस्मरणात जाते. म्हणून घरातल्या पुस्तकांपैकी दहाच पुस्तके मोठी असतील, तर त्या दहांसाठी सबंध कपाट खोल घेऊ नये. तळाची एक फळी रुंद असलेले कपाट शोधावे, किंवा ती दहा पुस्तके आडवी ठेवावीत. जड, मोठ्या पुस्तकांना आडवे ठेवल्याने त्यांच्या बांधणीवरचा ताणही कमी होतो.

आता फळीविषयी. नेहमीच्या आकाराची पुस्तके एक मीटर फळीवर पूर्ण लावली तर ३० किलोच्या आसपास वजन सहज भरते, आणि गुळगुळीत, जड कागदावर छापलेली चित्रांची पुस्तके असतील तर ते याच्या दीडपटही होते. माणसे येतात-जातात, भांडी उचलली-ठेवली जातात, पण पुस्तकांचा हा भार वर्षानुवर्षे त्याच जागी असतो. दोन्ही टोकांना टेकलेल्या आणि सगळ्या लांबीवर सारखा भार असलेल्या फळीला मध्यभागी येणारा बाक तिच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि जाडीच्या तिसऱ्या घाताने कमी होतो. हे वाक्य शाळेतल्या गणितासारखे वाटले तरी त्याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. ६० सेंटिमीटर लांबीची फळी ९० सेंटिमीटर केली, म्हणजे फक्त दीडपट केली, की तिला येणारा बाक पाचपट होतो. उलट १८ मिलिमीटरऐवजी २५ मिलिमीटर जाडीची फळी घेतली, तर तो बाक जवळपास एक-तृतीयांशावर येतो. एका मीटरमागे दीड-दोन मिलिमीटरचा बाकही डोळ्यांना जाणवू लागतो, आणि लाकूड कायमच्या भाराखाली वर्षानुवर्षे हळूहळू आणखी वाकत जाते. पहिल्या महिन्यात दिसणारा बाक हा शेवटचा नसतो.

या हिशेबात कपाटाच्या वयाला स्थान नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. दीडशे वर्षांपूर्वीच्या सुताराच्या फळीला आणि आजच्या कारखान्यातल्या फळीला एकच नियम लागू आहे. फरक सामग्रीचा आहे. ओक, सागवान, महोगनी यांसारखे भरीव कठीण लाकूड एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या तक्त्याच्या, तुलनेत सुमारे तीनपट ताठ असते, आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेला तक्ता, एमडीएफहूनही लवचीक असतो. चांगल्या कारागिराने फळी बारीक दिसावी म्हणून ती पातळ ठेवली असेल, तर तिच्या पुढच्या कडेखाली भरीव लाकडाची उभी पट्टी बसवलेली आढळते. चाळीस मिलिमीटर उंचीची अशी पट्टीही फळीचा ताठपणा खूप वाढवते. मी कोणतेही कपाट पाहताना फळीखाली हात फिरवते तो ही पट्टी आहे का, हे समजण्यासाठी.

कपाट पाहायला जाताना मी चार वस्तू बरोबर नेते: मोजपट्टी, बॅटरी, दोऱ्याचे एक रीळ आणि घरातली सात-आठ जड पुस्तके, ज्यांत सर्वांत उंच नकाशासंग्रह असतोच. पुस्तके फळीच्या मध्यावर ठेवायची, फळीच्या पुढच्या कडेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून धरायचा, आणि फळी आणि दोरा यांच्यातले अंतर पाहायचे. विक्रेत्याला हे विचित्र वाटते, पण आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. रिकाम्या कपाटाकडे पाहून पुस्तकांच्या कपाटाची परीक्षा करता येत नाही.

अँटिक कपाटांकडे मी सर्वांत अधिक वेळ देते, कारण तिथे पारखण्यासारखे सर्वांत अधिक असते. अँटिक म्हणजे किमान शंभर वर्षे जुनी वस्तू, ही व्याख्या व्यापारात रुळली तिला सीमाशुल्काच्या नियमांचाही हातभार आहे. अमेरिकेच्या १९३० च्या कायद्याने १८३० पूर्वीच्या वस्तूंना आयातशुल्कातून सवलत दिली होती, आणि १९६६ मध्ये ही ठरावीक तारीख काढून तिच्या जागी शंभर वर्षांची अट आली, त्यामुळे ही सीमारेषा आता दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते. व्हिंटेज या शब्दाला अशी कोणतीही कायदेशीर चौकट नाही. तो शब्द लावलेली वस्तू ऐंशी वर्षांची असू शकते आणि पंचवीस वर्षांचीही असू शकते. म्हणून कपाटावरच्या चिठ्ठीत व्हिंटेज लिहिलेले असेल, तर मी दशक विचारते.

पुस्तकांसाठी खास कपाट करण्याची प्रथा फार प्राचीन नाही. मध्ययुगीन युरोपात पुस्तके पेटाऱ्यांत ठेवत, किंवा तिरक्या मेजांना साखळीने बांधत. इंग्लंडमधील हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये साखळ्यांनी बांधलेल्या पुस्तकांचे ग्रंथालय आजही पाहायला मिळते. तिथे साखळी पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला अडकवलेली असल्यामुळे पुस्तकांचे कणे आतल्या बाजूला आणि पानांच्या कडा वाचकाकडे असतात. घरातल्या कपाटाच्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो सॅम्युअल पीप्स. इंग्लंडच्या नौदल कार्यालयातला हा अधिकारी १६६६ मध्ये आपल्या रोजनिशीत लिहितो की पुस्तके इतकी वाढली आहेत, की ती खुर्च्यांवर एकावर एक पडून आहेत, आणि म्हणून सिम्सन नावाच्या सुताराबरोबर बसून आपण कपाटांची आखणी केली. काचेच्या दारांची ओकची अशी एकंदर बारा कपाटे त्याने आयुष्यभरात करवून घेतली. त्याचा तीन हजार ग्रंथांचा संग्रह १७२४ मध्ये केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात गेला आणि त्या कपाटांसकट तिथे आजही आहे. पीप्सने पुस्तके उंचीनुसार लावली होती, आणि ठेंगण्या पुस्तकांच्या वरच्या कडा शेजाऱ्यांशी एका रेषेत याव्यात म्हणून त्यांच्याखाली पुस्तकांच्या बांधणीशी जुळणाऱ्या चामड्याने मढवलेले लाकडी ठोकळे बसवून घेतले होते. या माणसाने आधी पुस्तके मोजली आणि मग सुतार बोलावला, हे मला फार भावते.

जुने कपाट खरे जुने आहे का, हे पाहण्यासाठी दर्शनी बाजूपेक्षा मागची बाजू आणि तळ अधिक बोलके असतात. खण असतील तर ते पूर्ण बाहेर काढावेत आणि कोपऱ्यांतले डव्हटेल सांधे, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत अडकवलेले सांधे, बॅटरीच्या उजेडात पाहावेत. पटाशी आणि हातकरवतीने केलेले दात थोडे असमान असतात, आणि आखणीसाठी ओढलेली बारीक रेघ अनेकदा शिल्लक असते. एकसारख्या अंतराचे, तंतोतंत सारखे दात यंत्राने कापलेले असतात, आणि ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढचे समजावेत. पाठीच्या फळ्यांवर सरळ, कमी-जास्त अंतराच्या करवतीच्या खुणा असतील तर ती उभी करवत होती. कमानीसारख्या वळलेल्या खुणा गोल करवतीच्या असतात. स्क्रूही काळ सांगतात. १८४० च्या दशकाच्या आधीचे स्क्रू टोकाला बोथट असतात, आणि अधिकाची खूण असलेले फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात आले. अठराव्या शतकातले म्हणून दाखवलेल्या कपाटाच्या बिजागऱ्यांत फिलिप्स स्क्रू दिसले तर कपाट लगेच खोटे ठरत नाही, कारण दोनशेहून अधिक वर्षांत कुणीतरी बिजागरी बदललेली असू शकते, पण विक्रेत्याला त्याविषयी विचारायला हवे, आणि त्याच्या उत्तराची पद्धत लक्षात घ्यायला हवी.

काचेकडे मी विशेष लक्ष देते. जुन्या काचेत सूक्ष्म लाटा, बुडबुडे असतात आणि डोके हलवले की पलीकडचे दृश्य किंचित थरथरते. आजची पूर्ण सपाट फ्लोट काच पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या प्रक्रियेतून येते. अठराव्या शतकातल्या दारांमध्ये लाकडी पट्ट्यांच्या जाळीत प्रत्येक तावदान स्वतंत्र बसवलेले असे. पुढच्या काळातल्या अनेक नकलांत एकच मोठी काच बसवून तिच्यावर पट्ट्या चिकटवलेल्या असतात. ओळखण्याची रीत सोपी आहे. खिडकीचे प्रतिबिंब दारावर पडेल असे उभे राहावे. स्वतंत्र तावदानांत ते प्रतिबिंब प्रत्येक चौकटीत थोडे वेगळ्या कोनात तुटते, एकसंध काचेत ते अखंड राहते. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा कितीतरी वेळ त्या दारासमोरून हललेच नाही.

आता त्या चौथ्या कपाटाकडे येते. ते भव्य होते, मधला भाग पुढे आलेला, बाजूचे दोन भाग थोडे मागे, काचेची चार दारे आणि माथ्यावर सुरेख कंगोरा. विक्रेत्याने ते एकोणिसाव्या शतकातले ग्रंथालयीन कपाट म्हणून दाखवले. लाकूड खरोखर जुने होते, सांधे हातचे होते, आणि मी मोजपट्टी खिशातच ठेवली. घरी आणल्यावर पुस्तके लावली तेव्हा प्रत्येक फळीवर पुस्तकांमागे एक हात जागा उरली. कपाटाची खोली ५८ सेंटिमीटर होती. मग बॅटरी घेऊन आत पाहिले. दोन्ही बाजूंच्या आतल्या भागावर, खांद्याच्या उंचीवर, जुनी भोके बुजवलेली होती, तिथे कधीकाळी कपडे अडकवण्याच्या खुंट्या होत्या. फळ्यांचे टेकू नव्या लाकडाचे होते. दारांच्या चौकटीत काच बसवण्यासाठी पाडलेली खाच ताजी, फिकट आणि तीक्ष्ण कडांची होती, कारण तिथे मुळात लाकडी तक्ते होते. ते कपड्यांचे कपाट होते. अशी रूपांतरे या व्यवहारात फार होतात, कारण कपड्यांच्या अवजड जुन्या कपाटांना गिऱ्हाईक कमी आणि पुस्तकांच्या कपाटांना अधिक. रूपांतर करण्यात मला काही गैर वाटत नाही, ते सांगितले नाही याचे मात्र वाईट वाटले. आज त्या कपाटात नकाशे आणि मोठे चित्रसंग्रह आडवे ठेवले आहेत, आणि तिथे ती खोली उपयोगी पडते.

याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे दोन वेगवेगळ्या वस्तूंची जोडी. खाली लिहिण्याचे मेज आणि वर काचेचे कपाट अशा रचनेत वरचा भाग एका वस्तूचा आणि खालचा दुसऱ्या वस्तूचा असे पुष्कळदा घडते. पाठीच्या फळ्यांची जाडी, दिशा आणि रंग दोन्ही भागांत जुळतात का, बाजूच्या लाकडाचे रेषे आणि व्हिनियर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, एकाच हातचे वाटतात का, आणि वरचा भाग खालच्यावर टेकतो तिथला कंगोरा मूळचा आहे का, हे पाहावे. व्हिनियरही काळ सांगते. हाताने करवतून काढलेले जुने व्हिनियर दीड-दोन मिलिमीटर किंवा अधिक जाड असते, तर यंत्राच्या पात्याने सोललेले आधुनिक व्हिनियर एक मिलिमीटरच्याही आत असते, आणि म्हणूनच ते घासून नवे करायचा मोह टाळावा. दोन-चार वेळा जोरात घासले की खालचे लाकूड वर येते.

जुन्या लाकडाच्या बाबतीत दोन धोके मी कधीही दुर्लक्षित करत नाही. पहिला पोखरणाऱ्या किड्याचा. दीड ते दोन मिलिमीटरची गोल भोके दिसली म्हणून घाबरू नये, कारण ती किडा बाहेर पडल्याची खूण असते आणि कदाचित पन्नास वर्षांपूर्वीची असेल. पण भोकाच्या कडा ताज्या, फिकट असतील आणि कपाट हलक्या हाताने ठोकल्यावर खाली बारीक भुसा पडत असेल, तर किडा आत जिवंत आहे, आणि योग्य उपचार होईपर्यंत ते कपाट पुस्तकांजवळ आणू नये. दुसरा धोका हवामानातल्या फरकाचा. लाकूड ओलाव्याने रेष्यांच्या आडव्या दिशेने फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. लांबीत मात्र ते जवळजवळ बदलत नाही. जुन्या कारागिरांना हे ठाऊक होते, म्हणून दारांचे तक्ते ते चौकटीच्या खाचेत मोकळे ठेवत, चिकटवत नसत. दमट गोदामातून आणलेले कपाट एकदम तापवलेल्या, कोरड्या घरात आणले की रुंद फळ्या तडकतात. काही आठवडे ते उष्णतेच्या झोतापासून दूर ठेवून घराची हवा त्याला लागू द्यावी, आणि दार घट्ट होते म्हणून त्याच्यावर लगेच रंधा फिरवू नये. बहुतेक वेळा दोष दाराचा नसून जमिनीचा असतो. पाणसळ लावून पाहावी, पायाखाली पातळ पाचर सरकवावी. अर्ध्या तासापूर्वी अडणारे दार सहज मिटते.

व्हिंटेज कपाटांत माझे मन सुट्या खणांच्या कपाटांकडे ओढ घेते. ऑटो वेर्निके यांना १८९२ मध्ये अमेरिकेत या कल्पनेचे पेटंट मिळाले, आणि पुढे ग्लोब-वेर्निके या नावाने ही कपाटे जगभर गेली. त्यातली सर्वांत जुनी आता अँटिकच्या रेषेपलीकडे गेली आहेत, पण ती विसाव्या शतकातही दीर्घकाळ होत राहिली, म्हणून दोन्ही चिठ्ठ्यांखाली ती भेटतात. प्रत्येक फळी म्हणजे एक स्वतंत्र पेटी, तिच्यापुढे वर उचलून आत सरकवायचे काचेचे दार. पुस्तके वाढली की वर आणखी एक पेटी चढवायची. घर बदलताना पेट्या एकेक करून उचलता येतात, आणि प्रत्येक पेटीचा भार तिच्या बाजूंमधून खाली जात असल्यामुळे उंची वाढल्याने फळीवर जादा ओझे येत नाही. घेताना तळाची बैठक आणि वरचे झाकण जागेवर आहे का, हे आधी पाहावे, कारण तेच भाग हरवतात. मग प्रत्येक दार दहा वेळा वर-खाली करून ते तिरपे अडकते का, ते पाहावे. वेगवेगळ्या कारखान्यांच्या पेट्या दिसायला सारख्या असल्या तरी एकमेकींवर नीट बसतातच असे नाही.

भिंतीवरच्या फळ्यांचे युग दुसऱ्या महायुद्धानंतरचे. डेन्मार्कच्या पोल काडोव्हियस यांची टांगती रचना १९४८ मधली, स्वीडनच्या निस्से स्ट्रिनिंग यांची तारेच्या शिड्यांची फळी १९४९ मधली. ही दुसरी बॉनियर या प्रकाशनसंस्थेने घेतलेल्या स्पर्धेतून आली, म्हणजे पुस्तके विकणाऱ्यांनीच पुस्तके ठेवण्याची सोय शोधायला लावली. १९६० मध्ये जर्मनीच्या डीटर राम्स यांनी आखलेली ६०६ क्रमांकाची धातूची रचना अजूनही तयार होते, आणि म्हणून तिचा जुना संच घेतला तरी नवे भाग त्याला जोडता येतात. जुन्या संचांच्या बाबतीत हे भाग्य क्वचित लाभते. माझ्या भिंतीवरच्या फळ्यांचे दोन टेकू कमी होते, आणि ते मिळवायला मला सव्वा वर्ष लागले. म्हणून असा संच घेताना फळ्या नव्हे, टेकू आणि खिळ्या मोजाव्यात. आणि हे कपाट उभे राहते ते भिंतीच्या बळावर, हे विसरू नये. पोकळ भिंतीवर पुस्तकांचा भार टांगायचा असेल तर स्क्रू आतल्या उभ्या लाकडात किंवा धातूच्या खांबात गेलाच पाहिजे.

या काळातल्या वस्तूंबद्दल दोन सावधगिऱ्या आहेत. रंगवलेले जुने कपाट असेल तर रंगात शिसे असू शकते. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी घातली, त्याआधीचा रंग कोरडा घासून उडवू नये, विशेषतः घरात लहान मुले असतील तर. दुसरे म्हणजे शिसवीचे लाकूड. ब्राझीलच्या शिसवीवर १९९२ पासून साइट्स या, धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारान्वये सर्वांत कडक निर्बंध आहेत, त्यामुळे त्या लाकडाचे कपाट देशाच्या सीमेपलीकडून आणायचे असेल, तर कागदपत्रे आधी पाहावीत, कपाट नंतर.

आजच्या कपाटांविषयी मला फार थोडे सांगायचे आहे, कारण तिथे लपलेले असे काही नसते. मापे आणि सामग्री लिहिलेली असते, फक्त ती वाचायला हवी. गिलिस लुंडग्रेन यांनी १९७९ मध्ये आखलेले आयकिया कंपनीचे बिली हे ८० सेंटिमीटर रुंद आणि २८ सेंटिमीटर खोल कपाट जगभर पसरले, याचे एक कारण असे की ती खोली पुस्तकांसाठीच ठरवलेली आहे. ८० सेंटिमीटर लांबीची पार्टिकल बोर्डाची फळी मात्र जड पुस्तकांना कमी पडते. मी तिथे हलकी, कागदी बांधणीची पुस्तके ठेवते, आणि जड पुस्तकांसाठी ४० सेंटिमीटर रुंदीचे कपाट घेते. फळ्यांसाठी ३२ मिलिमीटर अंतरावर पाडलेली भोके हा आधुनिक कपाटाचा खरा गुण आहे; पीप्सला ज्यासाठी ठोकळे करवून घ्यावे लागले, ते इथे चार खिळ्या हलवून होते. पाठीचा पातळ तक्ता क्षुल्लक समजून वगळू नये, कारण सगळे कपाट काटकोनात धरून ठेवतो तो तोच. नव्या कपाटाला उग्र वास येत असेल तर पुस्तके लावण्याआधी ते काही आठवडे उघडे ठेवावे, आणि नवा रंग दिला असेल तर तो पूर्ण कडक होईपर्यंत थांबावे, नाहीतर पुठ्ठे फळीला चिकटतात. कच्च्या ओकमधून सौम्य आम्ल बाहेर पडत राहते, म्हणून ओकचे बंद कपाट असेल तर आतून त्याला लेप हवा आणि मौल्यवान पुस्तकांना हवा खेळती हवी.

कपाट कोणत्याही काळातले असो, बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये. बोटभर अंतर सोडले तर मागे ओल धरत नाही आणि कसर व बुरशी यांना आमंत्रण मिळत नाही. ऊन थेट कण्यांवर पडू देऊ नये; लाल आणि जांभळे रंग सर्वांत आधी उडतात, आणि उडालेला रंग परत येत नाही. उंच कपाट भिंतीला बांधावेच, जुने असले तरीही. त्यासाठी दर्शनी लाकडाला भोक पाडण्याची गरज नसते, पाठीमागच्या आडव्या पट्टीतून एक पट्टा भिंतीतल्या स्क्रूपर्यंत नेला की काम होते. पुस्तके भरताना तळापासून सुरुवात करावी, म्हणजे कपाटाचा गुरुत्वमध्य खाली राहतो.

माझ्या शंभर वर्षांच्या कपाटातली तिसरी फळी मी घेतली तेव्हाच खाली झुकलेली होती. कोशांच्या दोन पिढ्यांचा भार तिने वाहिला असावा. ती फळी जागेवर पक्की केलेली नव्हती, दाते पाडलेल्या उभ्या पट्ट्यांवर नुसती टेकलेली होती, म्हणून मी ती काढली, उलटी केली आणि तिच्यावर कवितासंग्रह ठेवले. मधला उंचवटा पहिल्या वर्षी बोटाला जाणवत असे. परवा पुन्हा दोरा ताणून पाहिला, तर फळी दोऱ्याला सगळीकडे सारखी टेकली होती. आता तिच्यावर कोश परत नेणार नाही. ते खालच्या, आखूड फळीवर चांगले बसले आहेत.